अठरा श्वास

पोलोनिया, १० सप्टेंबर १९९५

मार्लिस,

हे पत्र पोचलं की लगेच कळव. तुझा नवा पत्ता मी पाकिटावर तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा शेवटचे आकडे वेगळे आले. चौथ्यांदा पोस्टातल्या रीटाकडून लिहून घेतला. फोनवर मला हल्ली नुसती घरघर ऐकू येते, तेव्हा पत्रच बरं.

रीटा म्हणाली, "फ्लोरियन, ती आता तुझी सून राहिली नाही ना? मग हे कशाला?" मी म्हटलं, "डुएनने तिला सोडलं. मी कुठे सोडलंय?" तिने तिकीट जरा जास्तच जोरात चिकटवलं.

आता काळजीच्या गोष्टी. तुझी खोली तळघरात आहे असं तू म्हणालीस. तिथे घर तापवायची गॅसची भट्टी आहे का, तिचा धूर कुठून बाहेर जातो, आणि खिडकी माणूस निघेल एवढी आहे का, ते पाहून घे. दुसरं म्हणजे, कागदाची गिरणी बंद पडली म्हणून अडतिसाव्या वर्षी पोरींच्या वर्गात जाऊन बसू नको, असं मी म्हटलं होतं, ते तुझ्या लक्षात असेलच. दोन वर्षं अभ्यास, मग पदवी, मग राज्याची परीक्षा, आणि मग कुठे नर्स. मधे कुठे पाय घसरला तर काय करणार? पण तू गेलीस, आता मी गप्प बसतो.

गप्प बसतो, पण विचारतो. मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे टेक्निकल कॉलेजात नर्सला आधी काय शिकवतात ते मला ठाऊक नाही. सुई टोचायला शिकवतात का? मी गायींना चाळीस वर्षं सुया टोचल्या, मला कुणीच शिकवलं नव्हतं. सांगण्यासारखं असेल ते सगळं लिही. गायी विकल्यापासून सकाळचे चार तास मोकळे असतात आणि त्यात मी फक्त काळज्या करतो.

तुझा (माझ्या हिशेबाने अजूनही) सासरा,
फ्लोरियन


ब्रँट फॉल्स, १ ऑक्टोबर १९९५

बाबा,

पत्र पोचलं. भट्टीचा धूर नळीतून बाहेर जातो. खिडकीतून मी निघते, निघून पाहिलं, कारण तुम्ही विचारणार हे माहीत होतं. घरमालकाने पाहिलं आणि आता तो मला जरा लांबूनच नमस्कार करतो.

तुम्ही विचारलंत, आधी काय शिकवतात. हात धुवायला. तीन दिवस हात धुतले. कोपर खाली, बोटं खाली, आणि धुताना हाताची कड बेसिनला लागली की पहिल्यापासून. मी पाच वेळा पहिल्यापासून धुतले. वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या पोरी मला "मावशी" म्हणतात. एक म्हणाली, "मावशी, तुमच्या हातांवर धुण्यासारखं जास्त आहे." गिरणीतली शाई बहुतेक मरेपर्यंत राहणार.

मग पलंगावर माणूस असताना चादर कशी बदलायची ते. माणूस म्हणजे रबराची बाहुली, तिचं नाव ग्लॅडिस. तिचा डावा हात निघतो. सुया अजून संत्र्यांनाच टोचतोय.

पण तुम्हाला आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. श्वास मोजायला शिकलो. माणूस मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही. मनगट धरून आधी नाडी मोजायची. नाडी झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोय असं भासवायचं आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. पूर्ण एक मिनिट. आमच्या हॅवरकँप बाई म्हणतात, "माणसाला कळलं की कुणी आपला श्वास मोजतंय, की तो लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. मग तुम्ही मोजलेला आकडा त्याचा नसतो, तुमच्या भिडेचा असतो." मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात म्हणे.

मला हे फार आवडलं. एखाद्याचा हात धरून त्याच्याकडे चोरून बघायचं, आणि ते कामच असायचं.

मार्लिस


पोलोनिया, २२ ऑक्टोबर १९९५

मार्लिस,

मी मोजतोय. तुला आधीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

पहिला एर्विन. शुक्रवारी बारमध्ये तळलेला मासा खायला आम्ही बसलो होतो, पत्ते अजून वाटले नव्हते. मी म्हटलं, "हात दे."

"कशाला?"

"नाडी बघतो."

"तू? तुला हातातले पत्ते धरता येत नाहीत, माझा जीव काय धरणार?"

पण दिला हात. दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, हे तू लिहिलं नव्हतंस, ते मला रीटाच्या बहिणीकडून कळलं. मी भिंतीवरच्या बिअरच्या जाहिरातीच्या घड्याळाकडे बघत राहिलो आणि मग हळूच एर्विनच्या शर्टाच्या बटणाकडे. अर्धं मिनिट झालं तसा तो इकडेतिकडे बघायला लागला. म्हणाला, "फ्लोरियन, लोक बघतायत. लग्नाचं विचारणार असशील तर आधी एक ब्रँडी तरी पाज."

बावीस निघाले. तो म्हणाला, "बरं, नाडी किती?" आता नाडी मोजायची मी विसरूनच गेलो होतो. मी म्हटलं, "बहात्तर." तो खूश झाला, सगळ्यांना सांगत सुटला.

तेव्हापासून धान्यगिरणीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. रीटा पंधरा. फादर बर्नार्ड बाकावर डुलक्या घेत होते तेव्हा तेरा. दूध नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर एकोणीस. माझे स्वतःचे सतरा, पण मी मोजतोय हे मला माहीत होतं, म्हणून ते धरले नाहीत. शेजाऱ्यांच्या कालवडींचे पोटावरून मोजले, सत्तावीस आणि तेहतीस. दोघी एकाच गोठ्यात एकच चारा खातात. असं का होतं? तुमच्या पुस्तकात आहे का?

आंबवलेल्या कोबीच्या चार बाटल्या एर्विनच्या पुतण्याच्या गाडीतून पाठवल्या आहेत. झाकण फुगलेलं दिसलं तर खाऊ नको, फेकून दे, मी रागावणार नाही.

फ्लोरियन


ब्रँट फॉल्स, २५ फेब्रुवारी १९९६

बाबा,

किती दिवसांनी लिहितेय. पहिलं सत्र पास झाले. आता दुसरं, आणि आता आम्ही खऱ्या इस्पितळात जातो, आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेसहाला हजर. ग्लॅडिसच्या जागी जिवंत माणसं आहेत आणि ती तक्रार करतात.

प्रत्येकीला दोन पेशंट मिळतात. साडेसातच्या आत ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं तक्त्यावर चढलं पाहिजे, कारण त्यानंतर डॉक्टर फेरीला येतात. मग आंघोळ, नाश्ता, गोळ्या. आतापर्यंत माझे दहा पेशंट झाले. सगळ्यांचे ताप वेगळे, रक्तदाब तर विचारूच नका. श्वास मात्र सगळ्यांचे छान, अठरा. हॅवरकँप बाई परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या की वेळेवर आणि नीटनेटका तक्ता बघायचा असेल तर मार्लिसचा बघा. एकोणीस वर्षांच्या पोरींनी माझ्याकडे जे तोंड करून पाहिलं ते मी जपून ठेवलंय.

कोबी संपला. झाकणं फुगली नव्हती.

मार्लिस


पोलोनिया, ३ मार्च १९९६

मार्लिस,

शाबास. पत्र एर्विनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बघ, आणि तू तिला जाऊ नको म्हणत होतास." हे तो वर्षभर म्हणणार आहे.

एक गोष्ट मला उलगडत नाही, तुला माहीत असेल म्हणून विचारतो. माझ्या कॅलेंडरवर आता एकतीस माणसं झाली. सर्वात कमी अकरा, ती रीटाची सासू, आणि सर्वात जास्त चोवीस, तो एर्विनचा पुतण्या, तो जिना चढून आला होता. एकतीस जणांत अठरा फक्त दोघांचे निघाले. तुझ्याकडे दहाच्या दहा जणांचे अठरा.

हे कसं होत असेल? इस्पितळात आडवं झोपवलं की सगळे एका लयीला येतात का? की औषधाने? एर्विन म्हणतो, तिथली हवा नळ्यांतून येते, सगळ्यांना सारखी, म्हणून. मला ते पटत नाही. मी फादर बर्नार्डना आडवं असताना मोजलं असतं, पण ते कसं जमवायचं?

बाईंना विचारून मला सांग. घाई नाही.

फ्लोरियन

(रस्त्यावर अजून बर्फ आहे. साडेसहाला पोचायला तू किती वाजता निघतेस? हळू चालव.)


ब्रँट फॉल्स, १० मार्च १९९६

बाबा,

तुम्ही माझ्या बाई नाही आहात. आणि लोकांचे श्वास कॅलेंडरवर लिहून ठेवणं बंद करा, ते बरं दिसत नाही, लोक काय म्हणतील. माझी परीक्षा आहे, लांब पत्र लिहायला वेळ नाही.

मार्लिस


पोलोनिया, २७ मार्च १९९६

मार्लिस,

दोन आठवडे मी तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. मी काहीतरी चुकीचं विचारलं, पण काय ते कळत नाही. तुझ्या अभ्यासात नाक खुपसायचं मनात नव्हतं. खरंच उत्सुकता होती. मला शाळेत कुणी प्रश्न विचारू दिले नाहीत, म्हणून आता म्हातारपणी ते असे कुठूनही बाहेर पडतात.

कॅलेंडर उतरवलं आहे. फेकलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तू आजारी तर नाहीस ना? भट्टीचं पाहिलंस ना? नातं कागदावर संपलेलं आहे हे मला माहीत आहे. त्यामुळे तुला लिहावंसं वाटत नसेल तर तसंच एका ओळीत लिही, म्हणजे मी रोज रस्त्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जाणार नाही. तिथे बर्फावर पाय घसरतो.

फ्लोरियन


ब्रँट फॉल्स, ७ एप्रिल १९९६, ईस्टर

बाबा,

पेटीपर्यंत जा, पण काठी घेऊन. हे पत्र लांब आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की मी मोजत नव्हते.

ताप, नाडी, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास तेवढा डोळ्यांनी बघायचा असतो, पूर्ण मिनिट. इस्पितळातल्या पहिल्या सकाळी मी मनगट धरून उभी होते, तर तिथली जुनी मदतनीस मागून म्हणाली, "अगं, अठरा लिही आणि चल. अठराला कुणी काही विचारत नाही." त्या मजल्यावर सगळेच अठरा लिहितात, नाहीतर वीस. मी एकदा लिहिलं, काही झालं नाही. मग नेहमीच. मनगट धरायचे, कारण ते पेशंटला दिसतं. आणि खिडकीबाहेर बघत पुढच्या कामाचा विचार करायचे. माझा तक्ता सगळ्यांच्या आधी तयार होई तो याच्यामुळे.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला, कारण बाईंच्या लक्षात आलं नाही ते तुमच्या आलं, आणि तेही धान्यगिरणीच्या कॅलेंडरवरून. आता जे लिहितेय ते त्या पत्रानंतरचं आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे मला कळलेलं होतं.

१४ मार्चला माझ्याकडे एक ब्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या. नाव सांगायचं नाही असा नियम आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिसरा दिवस. मी मनगट धरलं, अठरा लिहिलं. दुपारी त्यांचे ओठ निळे पडले. फुप्फुसात रक्ताची गाठ गेली होती. धावाधाव झाली, अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "सकाळी अठरा होते. म्हणजे हे एकाएकी झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्या जगल्या, पण अजून इस्पितळातच आहेत. सकाळी मी मोजले असते आणि ते तीस निघाले असते, तर डॉक्टर सात तास आधी आले असते. खरंच अठरा निघाले असते, तर माझ्याकडे काही दोष नाही. मला दोन्हींतलं काही माहीत नाही.

न मोजता आकडा लिहिला तर नाव काढून टाकतात. पहिल्याच दिवशी तशी सही घेतात. पदवीला वर्ष उरलंय. मी सांगितलं नाही तर कुणालाही कधीही कळणार नाही. तुम्हाला सांगितलं, कारण विचारणारे तुम्ही एकटेच होतात.

मार्लिस


पोलोनिया, १० एप्रिल १९९६

मार्लिस,

पत्र तीनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये कॅलेंडरखाली ठेवलं. एर्विनला दाखवलं नाही.

माझं ऐक. कुणाला सांगू नको. तुझं घर मोडलं, गिरणी गेली, आणि आता हे एवढं एक तू स्वतःच्या हाताने उभं केलं आहेस. सांगून त्या बाईंचे सात तास परत येणार नाहीत. सगळेच अठरा लिहितात असं तूच म्हणतेस. मीसुद्धा एर्विनला बहात्तर सांगितलंच होतं. इथून पुढे मोज. रोज मोज, दोनदा मोज, पण तोंड उघडू नको. काढून टाकलं तर तू कुठे जाशील, या विचाराने मला कालपासून जेवण जात नाही. मी भित्रा माणूस आहे, मला याच्यापुढे काही सुचत नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण डोक्यात एकच चालू आहे, तेव्हा विचारून टाकतो. रागावू नको.

त्यांचे खरे किती होते?

काल मी कोठाराची शिडी भरभर चढून उतरलो आणि माझे मोजले. अठ्ठावीस. मग वाटलं, त्यांचे इतके असतील का? इतके असतील तर बघणाऱ्याला दिसणार नाही असं होईल का? मग वाटलं, म्हातारी बाई, अंगात बळ नाही, तर उथळ उथळ घेत असेल, दिसणारही नाही. तू मनगट धरलं होतंस, तर काही जाणवलं का? थोडं तरी? मला त्या आकड्याचं काही करायचं नाही. पण तो कुठेतरी होता आणि आता कुणाकडेच नाही, हे मला पचत नाही.

हे सोडून दे. कुणाला सांगू नको.

फ्लोरियन


ब्रँट फॉल्स, २१ एप्रिल १९९६

बाबा,

सांगितलं.

तुमच्या पत्राचं पहिलं पान वाचून मला इतकं हायसं वाटलं होतं की मी अंडी तळून खाल्ली. मग दुसरं पान वाचलं. त्यानंतर चार दिवस ज्याला त्याला बघून माझ्या डोक्यात तेवढाच प्रश्न. बसमध्ये, दुकानात, सगळीकडे. त्यांचे किती होते.

मंगळवारी हॅवरकँप बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच बोलले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी एकच विचारलं, "मग किती होते?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "मग तेच लिहावं लागेल."

तक्त्यात काही खोडायचं नसतं, बाबा. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. अठरावर रेघ मारली, बाजूला "मोजले नाहीत" लिहिलं, तारीख, सही. माझं अक्षर किती सुंदर आलं ते बघून लाज वाटली.

मग त्या मला आणि मजल्यावरच्या मुख्य नर्सला घेऊन त्या बाईंकडे गेल्या. पेशंटला सांगायचं असतं, त्यांचा तो हक्क असतो. बाई आता साध्या खोलीत आहेत, नाकाला नळी आहे, पण बसतात. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ते मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तू खिडकीबाहेर बघत होतीस. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवरचं बर्फ खरवडत होतं."

त्यांनी नाकाची नळी सारखी केली.

"मला पहाटेपासून दम लागत होता," त्या म्हणाल्या. "सांगावं की नको, सांगावं की नको, चाललं होतं. उगीच कुणाला त्रास कशाला. मग तू आलीस, हात धरलास, काही बोलली नाहीस. म्हटलं, नर्सला काही वाटलं नाही, म्हणजे ठीकच असणार. मग मी बेल वाजवली नाही."

हॅवरकँप बाईसुद्धा खाली बघत होत्या. जाताना त्या आजीबाईंनी विचारलं, "आता तुला काढणार का?" मी म्हटलं, "ठरायचंय." त्या म्हणाल्या, "तुझ्या जागी जी येते ती चहा थंड आणते. तिच्याबद्दलही काहीतरी ठरवा म्हणावं."

समितीपुढे ९ मे रोजी जायचं आहे. तुमचं ऐकलं नाही, राग मानू नका. म्हणजे, अर्धं ऐकलं.

मार्लिस


पोलोनिया, २८ एप्रिल १९९६

मार्लिस,

मी तुला गप्प राहायला सांगितलं, हे त्या आजीबाईंना कळलं तर त्या मला काय म्हणतील, असा विचार करत बसलो होतो. त्यांना सांगू नको.

त्यांनी बेल का वाजवली नाही ते मला नीट कळतं. मीही वाजवली नसती.

समितीत किती जण असतात? ते आधी प्रश्न विचारतात की आधी ठरवून बसलेले असतात? काही खाऊन जा. एर्विनला आता सगळं सांगितलं, कारण मी पत्ते चुकीचे टाकत होतो. त्याने पत्ते खाली ठेवले. मग म्हणाला, "म्हणजे माझे ते बहात्तर?" मी म्हटलं, "मोजले नव्हते." त्याने मनगट पुढे केलं, म्हणाला, "आता मोज." चौऱ्याऐंशी निघाले. डॉक्टरकडे जायचं का विचारत होता. मी म्हटलं, ते मार्लिसला विचारून सांगतो. तर, जायचं का?

फ्लोरियन


ब्रँट फॉल्स, १२ मे १९९६

बाबा,

एर्विनकाकांना सांगा, चौऱ्याऐंशी ठीक आहेत, ब्रँडी कमी करा.

समितीत तिघं होते. प्रश्न आधी विचारले. आणखी कोण असं लिहितं, हेही विचारलं. मी म्हटलं, मी माझ्याबद्दल सांगायला आलेय. वीस मिनिटं बाहेर बसवलं.

नाव काढलं नाही. पण हे सत्र नापास. घरी जायचं, आणि पुढच्या जानेवारीत यायचं, तेच सत्र पहिल्यापासून, तेच इस्पितळ, तोच मजला. पुन्हा एक चूक झाली तर कायमचं बाहेर. हॅवरकँप बाईंनी दाराशी हात मिळवला.

मला जायचं नाही, बाबा. माझ्या वर्गातल्या पोरी तोवर पुढे गेलेल्या असतील आणि नव्या पोरींना ही कोण ते पहिल्या दिवशी कळलेलं असेल. चीजच्या कारखान्यात खोकी बांधायला माणसं हवी आहेत, परवापासून ये म्हणाले. कॉलेजातून नाव काढून घ्यायचा अर्ज भरून टेबलावर ठेवलाय, फक्त सही राहिली. तुम्ही पहिल्यापासून जाऊ नको म्हणत होतात. ते बरोबर होतं. तुम्ही हो म्हणालात की सही करते.

मार्लिस


पोलोनिया, १५ मे १९९६

मार्लिस,

मी हो म्हणणार नाही.

मी आयुष्यात कुणालाही जा असं म्हटलेलं नाही. माझा भाऊ शिकागोला निघाला, मी म्हटलं नको. डुएन टेक्सासला निघाला, मी म्हटलं नको. तू कॉलेजला निघालीस, मी म्हटलं नको. दर वेळी मला वाटायचं की मी त्यांना जपतोय. पण भीती माझीच होती, त्यांना फक्त ती ऐकावी लागायची. मला आत्तासुद्धा भीती वाटते.

चीजचा कारखाना जानेवारीपर्यंत कर. त्यात वाईट काही नाही, मीही केलंय. पण अर्ज फाड. त्या मजल्यावर मोजणारं माणूस एकही नाही, आणि ज्या एकीला न मोजल्याचं काय होतं ते ठाऊक आहे, तीच चीज बांधत बसली तर मला ते चालणार नाही. नव्या पोरी बोलतील. बोलू दे. पहिल्या दिवशी जास्त बोलतील, मग त्यांना हात धुवायचे असतील.

जा.

फ्लोरियन


ब्रँट फॉल्स, २ फेब्रुवारी १९९७

बाबा,

तिसरा आठवडा संपला. नव्या पोरी बोलतात. एकीने मला विचारलं, "ती अठरावाली तूच ना?" मी म्हटलं, "हो." तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन, त्यामुळे तिचं पुढचं वाक्य तयार नव्हतं. माझा तक्ता आता सगळ्यांत शेवटी येतो. डॉक्टर वाट बघतात आणि हॅवरकँप बाई त्यांना वाट बघू देतात. पदवी, सगळं नीट झालं तर, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात.

काल माझ्याकडे एक धिप्पाड गृहस्थ होते, जन्मभर लाकडं तोडलेले, मनगट माझ्या दोन्ही हातांत मावेना. नाडी झाली, मी हात धरून ठेवला. ते जरा वेळ छताकडे बघत राहिले.

"सापडत नाही का?" त्यांनी विचारलं.

"सापडली."

"मग?"

"अजून थोडं आहे."

"कालच्या पोरीने तर झटकन सोडला होता."

"असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि उशीवर डोकं टेकलं. म्हणाले, "घे बाई, हवा तेवढा वेळ घे. मला कुठे जायचंय?"

या बोलण्यात मोजणी चुकली होती. म्हणून मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मार्लिस